कॉलेजचा मुलगा, हातातला मोबाईल आणि गावचा कारभार

कॉलेजात जाणारा मुलगा मोबाईल घेऊन बसला की घराघरांतून एकच तक्रार ऐकू येते, की पोरगा वेळ दवडतो. तक्रार अगदीच खोटी नाही. पण त्याच मोबाईलवर आज ग्रामपंचायतीचा हिशेब उघडतो, मतदार यादीतले नाव तपासता येते, दाखला वेळेत न देणाऱ्या अधिकाऱ्यावर अपील करता येते आणि सरकारच्या मसुद्यावर हरकत नोंदवता येते. ही कामे ज्याला सहज जमतात तो बहुधा घरातला विद्यार्थी असतो. आणि या कामांची ज्याला सर्वांत जास्त गरज असते तो असतो दुकानदार, फेरीवाला, शिंपी, सुतार, गवंडी. दोघे एकाच छपराखाली राहतात, एकाच ताटावर जेवतात, पण एकाची हुशारी दुसऱ्याच्या धंद्याला लागत नाही. ही गाठ कशी घालावी, हे या लेखात सांगण्याचा आमचा विचार आहे.

उदाहरणासाठी आम्ही साजगाव हे गाव घेतले आहे. खालापूर तालुक्यातले, खोपोली शहराला लागून असलेले हे गाव रायगड जिल्ह्यात ओळखले जाते ते कार्तिकातल्या यात्रेमुळे. इथल्या विठोबाला लोक प्रेमाने 'बोंबल्या विठोबा' म्हणतात, कारण या यात्रेत सुक्या मासळीचा मोठा बाजार भरतो. संत तुकाराम मिरचीच्या व्यापारासाठी घाट उतरून या भागात येत असत, अशी इथली आख्यायिका आहे. म्हणजे गावाच्या कथेतच व्यापार आहे. यात्रेत पाल ठोकणारा, गावात पिठाची गिरणी किंवा वेल्डिंगचे दुकान चालवणारा, खोपोलीच्या बाजारात हातगाडी लावणारा, या सगळ्यांचे पोट ज्या निर्णयांवर अवलंबून आहे ते निर्णय होतात कुठे, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे.

साजगावला ग्रामपंचायत आहे. शेजारच्या खोपोलीला नगरपरिषद आहे. ग्रामपंचायतीच्या वर खालापूरची पंचायत समिती आणि तिच्या वर अलिबागची जिल्हा परिषद. घर एका हद्दीत आणि दुकान दुसऱ्या हद्दीत, असा प्रकार शहराला चिकटलेल्या गावांत नेहमीचा आहे. चुकीच्या कचेरीत दिलेला अर्ज महिनाभर टेबलावर पडून राहतो आणि मुदत निघून जाते. म्हणून विद्यार्थ्याला द्यायचे पहिले काम हेच: आपले घर, आपले दुकान आणि आपली बाजारातली जागा नेमकी कोणाच्या हद्दीत आहे ते एका कागदावर लिहून काढायचे.

विद्यार्थ्यांनी काय करून दाखवले

मोबाईलवर लिहून काय होते, असे विचारणाऱ्यांसाठी चार उदाहरणे देतो.

पहिले उदाहरण आपल्याच राज्यातले. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. त्याबद्दल पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या आणि तिच्या मैत्रिणीने त्याला पसंती दिली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. दोघींना अटक झाली आणि लिहिणाऱ्या मुलीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. पुढे पोलीस अधिकारी निलंबित झाले, खटला मागे पडला, पण फुटलेल्या काचा घरच्यांनाच उचलाव्या लागल्या. त्या वेळी माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६६ अ हे कलम होते. कोणाला त्रासदायक वाटेल असा मजकूर पाठवल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, असा त्याचा साधारण अर्थ. पालघरची बातमी वाचून दिल्लीच्या २१ वर्षांच्या श्रेया सिंघल यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने ते कलमच रद्द केले. रद्द झाल्यावरही काही ठिकाणी पोलीस ते लावत राहिले, तेव्हा ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाने पुन्हा बजावले की या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नये.

दुसरे उदाहरण थेट धंद्याचे आहे. २०१५ साली दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, एक प्रश्न लोकांपुढे ठेवला. इंटरनेटवर काही संकेतस्थळे स्वस्त किंवा फुकट आणि बाकीची महाग, असे दर लावू द्यावेत काय? तसे झाले असते तर बड्या कंपनीचे दुकान ग्राहकाच्या मोबाईलवर फुकटात उघडले असते आणि छोट्या व्यापाऱ्याचे दुकान उघडायला ग्राहकाला पैसे पडले असते. देशभरातून दहा लाखांहून जास्त ई-मेल ट्रायकडे गेले आणि ते पाठवण्यात तरुण मंडळी पुढे होती. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने असे भेदभावाचे दर लावण्यास मनाई केली. आज आपला मुलगा आपल्या दुकानाचा माल मोबाईलवर दाखवतो, तेव्हा त्याची आणि बड्या कंपनीची वाट सारखीच रुंद आहे, ती या निर्णयामुळे.

तिसरे उदाहरण भाषेचे. मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या नव्या नियमांचा मसुदा काढला. कारखाना येण्याआधी गावकऱ्यांचे म्हणणे कसे ऐकायचे, हा त्यातला कळीचा भाग. मसुदा इंग्रजी आणि हिंदीत होता, आणि देशात टाळेबंदी होती. दिल्ली उच्च न्यायालयाने हरकतींची मुदत ११ ऑगस्ट २०२० पर्यंत वाढवली आणि मसुदा देशाच्या सर्व अनुसूचित भाषांत द्यावा असे सांगितले. विद्यार्थ्यांच्या गटांनी हरकतीचे नमुने तयार करून वाटले आणि लाखो हरकती ई-मेलने गेल्या. खालापूर तालुका कारखान्यांचा तालुका आहे. जनसुनावणी म्हणजे काय, हे इथल्या माणसाला वेगळे समजावून सांगायला नको.

चौथ्या उदाहरणात यश अर्धेच मिळाले, म्हणून ते मुद्दाम सांगतो. मुंबईत आरे येथे मेट्रोच्या कारशेडसाठी अडीच हजारांहून जास्त झाडे तोडण्याच्या प्रस्तावावर हजारो नागरिकांनी हरकती नोंदवल्या. त्यातल्या बऱ्याचशा ऑनलाइन होत्या. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री तोड सुरू झाली. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिले, सर्वोच्च न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले आणि सुट्टी असतानाही ७ ऑक्टोबरला सुनावणी घेऊन पुढची तोड थांबवली. पण तोपर्यंत दोन हजारांहून जास्त झाडे पडली होती. व्यापाऱ्याने यातून घ्यायचा धडा साधा आहे. सरकारी कामात तारखेला किंमत असते. उशिरा आलेला न्याय तोडलेले झाड उभे करीत नाही, आणि पाडलेला गाळाही उभा करीत नाही.

ही मोठी उदाहरणे झाली. आता साजगावसारख्या गावात काय करता येईल ते क्रमाने पाहू.

पहिले काम: यादीतले नाव

मतदार यादीत नाव नसेल तर बाकी सगळे व्यर्थ आहे, कारण ग्रामसभेत बसण्याचा हक्कही मतदारालाच असतो. २०२२ पासून नाव नोंदवण्यासाठी वर्षात चार तारखा धरल्या जातात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. या तारखेला १८ वर्षे पूर्ण होणाऱ्याने अर्ज करावा. १७ वर्षे पूर्ण झालेला विद्यार्थी आगाऊ अर्जही करू शकतो. नव्या नावासाठी नमुना ६, दुरुस्तीसाठी किंवा पत्ता बदलण्यासाठी नमुना ८ आणि नाव वगळण्यासाठी नमुना ७. हे तिन्ही अर्ज निवडणूक आयोगाच्या ॲपवरून भरता येतात.

ग्रामपंचायतीची यादी वेगळी बनत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. विधानसभेचीच यादी घेऊन राज्य निवडणूक आयोग तिचे प्रभाग पाडतो, आणि तीही ठरवून दिलेल्या तारखेपर्यंतची. साजगावचा मतदार कर्जत विधानसभा मतदारसंघाच्या यादीत असतो. त्या यादीत नाव नसेल तर सरपंचाच्या निवडणुकीच्या तोंडावर धावपळ करून काही उपयोग होत नाही.

आपल्या लोकांची खास अडचण नावांच्या स्पेलिंगची आहे. एकाच माणसाचे नाव एका कागदावर मोहम्मद, दुसऱ्यावर मुहम्मद, तिसऱ्यावर नुसते मो.; एका ठिकाणी शेख आधी, दुसऱ्या ठिकाणी शेवटी. वडिलांचे नाव मराठीत एक आणि इंग्रजीत दुसरे. यादीत नाव शोधले की सापडत नाही आणि माणूस समजतो की नाव कापले गेले. विद्यार्थ्याने घरातल्या प्रत्येकाचे आधार, पॅन, बँकेचे पुस्तक, मतदार ओळखपत्र आणि दुकानाची नोंदणी एका ओळीत मांडावी. ज्या कागदावर फरक आहे तो कागद दुरुस्तीला द्यावा. हा तक्ता एकदा केला की बँकेच्या कर्जापासून उद्यम नोंदणीपर्यंत प्रत्येक ठिकाणी कामाला येतो.

हे काम किती मोलाचे आहे ते बिहारमध्ये दिसले. २०२५ साली तिथे यादीची विशेष सखोल फेरतपासणी झाली. १ ऑगस्टला मसुदा यादी निघाली तेव्हा सुमारे ६५ लाख नावे त्यात नव्हती. १४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की ही नावे कारणांसह, शोधता येतील अशा रीतीने प्रसिद्ध करावीत. ज्यांच्या घरात मोबाईलवर नाव शोधणारे कोणी होते त्यांना मुदतीत दावा करता आला. आपण आपले नाव वर्षातून दोनदा तरी पाहावे, असे आमचे सांगणे आहे.

दुसरे काम: गावचा हिशेब वाचणे

एप्रिल २०२० मध्ये ई-ग्रामस्वराज ही केंद्र सरकारची व्यवस्था सुरू झाली. तिच्यात राज्य, जिल्हा, तालुका आणि ग्रामपंचायत असे एकामागून एक निवडत गेले की त्या गावाचा आराखडा, मंजूर कामे आणि झालेला खर्च दिसतो. यासाठी अर्ज लागत नाही, फी लागत नाही, कोणाची परवानगी लागत नाही.

हिशेब वाचताना एक हिशेब डोक्यात ठेवावा. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामपंचायतींना दिलेल्या निधीत ६० टक्के रक्कम बांधलेली होती: निम्मी पाण्यासाठी आणि निम्मी स्वच्छतेसाठी. उरलेले ४० टक्के गावाने आपल्या गरजेप्रमाणे वापरायचे. म्हणजे गटार तुंबले आहे, बाजाराच्या जागी पाण्याची सोय नाही, स्त्रियांसाठी स्वच्छतागृह नाही, अशी तक्रार असेल तर 'निधी नाही' हे उत्तर ऐकून परत फिरू नये. त्या वर्षी त्या सदराखाली किती आले, किती खर्च झाले आणि कोणत्या कामावर झाले, ते आधी पाहावे आणि मग बोलावे. आकडा हातात असलेल्या माणसाशी कचेरीतले लोकही जपून बोलतात.

पडद्यावर दिसणाऱ्या कामाचा जागेवर जाऊन पडताळा घेणे हे विद्यार्थ्यांचे खरे काम आहे. गटाराची लांबी मीटरमध्ये लिहिलेली असते, ती टेपने मोजता येते. दिवे किती बसवले ते मोजता येतात. फोटो काढावा, तारीख लिहावी. कॉलेजातून राष्ट्रीय सेवा योजनेत असलेल्या मुलांना अशा कामाची सवय असतेच. नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या अभ्यासात क्षेत्रकार्य आणि समाजसहभाग यांनाही गुण मिळू लागले आहेत. मग प्रकल्प कुठून तरी उतरवून काढण्यापेक्षा आपल्या गावच्या बाजाराचा का करू नये? खोपोलीच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलाला साजगावच्या यात्रेपेक्षा चांगला विषय मिळणार नाही.

तिसरे काम: माहिती मागणे

जे पडद्यावर दिसत नाही ते माहितीच्या अधिकारात मागता येते. हा केंद्रीय कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे लागू झाला. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील माणसाला तीही माफ. उत्तर ३० दिवसांत मिळाले पाहिजे. माहिती कशासाठी हवी, हे सांगण्याचे बंधन नाही. महाराष्ट्राने २०१२ साली नियम बदलून अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा असे केले, म्हणून गाऱ्हाणे लिहीत बसू नये.

समजा, यात्रेत किंवा आठवडा बाजारात बसणाऱ्यांना वाटते की जागेसाठी पैसे घेतले जातात पण सोय होत नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ मध्ये जत्रा, बाजार वगैरेंवर कर किंवा फी बसवण्याचे अधिकार ग्रामपंचायतीला दिले आहेत. तेव्हा वसुली होत असेल तर तिचा ठराव असला पाहिजे, दर असला पाहिजे, पावती असली पाहिजे. अर्ज असा लिहावा:

'मागील यात्रेच्या काळात ग्रामपंचायतीने विक्रेत्यांकडून जागाभाडे, कर किंवा फी म्हणून वसूल केलेली एकूण रक्कम. दर ठरवणाऱ्या ठरावाची प्रत. वसुली ठेक्याने दिली असल्यास करारनाम्याची प्रत. आणि त्याच काळात पाणी, दिवाबत्ती व स्वच्छता यांवर झालेल्या खर्चाचा तपशील मिळावा.'

एवढे पुरे. यात आरोप नाही, रागाचा शब्द नाही. अर्ज नागरिकाच्या नावाने करावा, कारण कायद्याने हा हक्क नागरिकाला दिला आहे. संघटनेच्या नावाचा अर्ज परत येण्याची शक्यता असते. राज्य सरकारची ऑनलाइन सोय आहे, पण यादीत प्रत्येक ग्रामपंचायत असेलच असे नाही. नसेल तर कागदावर अर्ज लिहून, फी भरून, पोच घ्यावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिले अपील आणि त्यानंतर नव्वद दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरे अपील. या तारखा मोबाईलच्या कॅलेंडरवर टाकून ठेवणे, हे विद्यार्थ्याला सांगावे लागत नाही. त्याच्या परीक्षेच्या तारखा तो तसाच लक्षात ठेवतो.

चौथे काम: दाखला वेळेत घेणे

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ साली झाला. कोणता दाखला किती दिवसांत द्यायचा, तो कोण देणार आणि न दिल्यास अपील कोणाकडे, हे प्रत्येक कचेरीने जाहीर करायचे, असा त्याचा नियम. ग्रामपंचायतीकडून मिळणारा नमुना ८ चा उतारा, येणे बाकी नसल्याचा दाखला, जन्म-मृत्यू आणि विवाहाची नोंद, या सेवा त्यात येतात. नमुना ८ हा घरपट्टीच्या आकारणीचा उतारा असल्याने दुकानासाठी वीज घेताना किंवा कर्ज काढताना त्याची गरज लागते, हे व्यापाऱ्याला माहीत आहेच.

'आपले सरकार' या व्यवस्थेतून अर्ज केला की क्रमांक मिळतो. तो क्रमांक म्हणजे पुरावा. तोंडी विचारणा करून चार फेऱ्या मारल्या तर कागदावर काहीच उरत नाही. क्रमांक असेल तर मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी अपील करता येते, आणि विनाकारण सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. एक दिवस दुकान बंद ठेवून कचेरीत जाणाऱ्याचा किती धंदा बुडतो, याचा हिशेब प्रत्येकाने आपापला करावा.

कारागीर बांधवांनी आणखी एक गोष्ट पाहावी. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. सुतार, लोहार, कुलूप दुरुस्त करणारा, सोनार, कुंभार, चांभार, गवंडी, न्हावी, धोबी, शिंपी, मासेमारीची जाळी विणणारा वगैरे. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, पहिल्या टप्प्यात एक लाख आणि दुसऱ्या टप्प्यात दोन लाखांपर्यंत कर्ज, पाच टक्के व्याजाने. अर्ज सुविधा केंद्रावर आधार आणि अंगठ्याने होतो, पण त्याची पहिली खातरजमा ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या पातळीवर होते. अर्ज तिथेच अडून राहिला तर शिंप्याला कळतही नाही की तो कुठे आहे. घरच्या मुलाने अर्जाची स्थिती पाहून ग्रामपंचायतीत लेखी विचारणा केली तर काम पुढे सरकते. सरकारी योजना आणि गावचा कारभार यांची गाठ इथे पडते.

पाचवे काम: हरकत घेणे

प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला की त्यावर हरकत घेण्यासाठी महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाप्रमाणे साधारण ३० दिवस मिळतात. जाहिरात वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात येते, नकाशा संकेतस्थळावर पडतो, आणि दुकानदाराला खबर लागते ती रस्त्याची आखणी करणारे लोक दारात आल्यावर. खालापूर तालुक्यातली काही गावे २०१३ मध्ये 'नैना' क्षेत्रात अधिसूचित झाली होती. शहराच्या कडेच्या गावांत नियोजनाचे अधिकार एका संस्थेकडून दुसरीकडे जात असतात. म्हणून आपल्या गावासाठी आज नियोजन प्राधिकरण कोण आहे, हे शोधून त्याच्या सूचना दर पंधरवड्याला पाहणे हे काम एका विद्यार्थ्याकडे कायमचे सोपवावे. नकाशावर आपला गट क्रमांक शोधता आला की निम्मी लढाई जिंकली.

हरकत प्रत्येकाने आपल्या शब्दांत लिहावी. एकच मजकूर शंभर जणांनी पाठवला की वाचणारा त्याला एकच हरकत समजतो. 'माझे दुकान गट क्रमांक अमुक येथे, इतकी वर्षे आहे, रस्ता दहा फूट पलीकडे घेतल्यास इतकी दुकाने वाचतात' असे लिहिले तर त्याला उत्तर द्यावे लागते.

काय करू नये

६६ अ कलम गेले म्हणून वाटेल ते लिहायची मोकळीक मिळाली, असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत समाजासमाजांत तेढ वाढवणे, धार्मिक भावना दुखावणे, अफवा पसरवणे यांसाठी १९६, २९९ आणि ३५३ ही कलमे आहेत. पुढे ढकललेला संदेशही आपणच पाठवलेला समजला जातो. पालघरच्या प्रकरणात मुली शेवटी निर्दोष ठरल्या, पण दवाखाना फुटला तो पहिल्याच दिवशी. व्यापाऱ्याच्या घरातल्या मुलाने हे विसरू नये की त्याच्या नावाला दुकानाची पाटी जोडलेली आहे. कारभारावर टीका करावी, आकड्यानिशी करावी. माणसाच्या जातीवर, धर्मावर, घरच्या बायकांवर एक अक्षर लिहू नये. आणि बाजाराच्या गटावर अमक्याकडून माल घेऊ नका, असला संदेश आला, तो कोणाच्याही विरुद्ध असो, तर तो तिथेच थांबवावा.

दुसऱ्याच्या नावाने अर्ज भरू नये. मतदार यादीच्या अर्जात जाणूनबुजून खोटे लिहिल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. कोणाचे नाव कापण्यासाठी खोटा नमुना ७ देणे हा त्यातलाच प्रकार. मदत करणाऱ्या मुलाने कोणाचा ओटीपी स्वतःकडे ठेवू नये, कोणाच्या आधारची प्रत आपल्या मोबाईलवर साठवून ठेवू नये. काम झाले की पुसून टाकावी. पैशाची फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे. पहिल्या काही तासांत कळवले तर रक्कम अडवली जाण्याची आशा असते.

शेवटी पाय ग्रामसभेतच

मोबाईल कितीही चालवला तरी गावचा निर्णय हात वर करून होतो. महाराष्ट्रात वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे लोक लागतात. म्हणजे साजगावसारख्या गावात शंभर माणसांच्या बैठकीत संपूर्ण गावाचा आराखडा मंजूर होऊ शकतो. आपले दुकानदार त्या दिवशी गल्ल्यावर असतात, कारागीर कामावर असतात आणि विद्यार्थी कॉलेजात. मग बाजाराची सोय आराखड्यात का आली नाही, असे विचारायचे कोणाला?

म्हणून आमची सूचना अशी आहे. प्रत्येक बाजारातल्या किंवा मोहल्ल्यातल्या पाच-सहा व्यापाऱ्यांनी मिळून दोन-तीन विद्यार्थी निवडावेत. त्यांत मुली अवश्य असाव्यात, कारण घरातल्या स्त्रियांची कागदपत्रे त्यांच्याच हाताने सरळ होतात. महिन्यातला एक रविवार ठरवावा. त्या दिवशी कोणाचा दाखला अडला, कोणाचे नाव चुकले, कोणती सूचना निघाली, कोणत्या अर्जाची मुदत संपते आहे, हे एका वहीत लिहावे. इंटरनेटचा खर्च व्यापाऱ्यांनी उचलावा; कष्ट मुलांचे. ग्रामसभेच्या आधी त्या वहीतले तीन मुद्दे काढून लेखी द्यावेत आणि सभेला दोघांनी मिळून जावे, मुलाने आकडा वाचावा आणि वडीलधाऱ्याने बोलावे. खोपोली परिसरात महामार्गावरच्या अपघातांच्या वेळी व्हॉट्सॲपवरून एकमेकांना हाक मारून धावणारे स्वयंसेवक आहेत, हे सर्वांना माहीत आहे. अडल्या वेळी मोबाईलवरून माणसे जमतात, तर गटार आणि दाखल्यासाठी का जमणार नाहीत?

कार्तिकातली यात्रा दर वर्षी येते. पाल ठोकायच्या आधी जागेचा दर, पावती, पाणी आणि दिवे यांची चौकशी लेखी झालेली असेल, तर त्या यात्रेत बसणाऱ्या प्रत्येकाचे, मग तो कोणत्याही समाजाचा असो, दोन पैसे वाचतील. व्यापारी माणसाला वही ठेवायची सवय पिढ्यान्‌पिढ्या आहे. आता एक वही गावच्या कारभाराची ठेवावी आणि ती लिहिण्याचे काम घरच्या कॉलेजकुमाराला द्यावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.